धूर पुसलेल्या लढाया

ट्रफाल्गर ही १८०५ ची ब्रिटिशांची फ्रेंच-स्पॅनिश आरमाराशी झालेली समुद्री लढाई. इंग्लिश चित्रकार टर्नरनं काढलेल्या तिच्या मोठ्या चित्रात घड्याळाचे काटे चार ठिकाणी आहेत. 'व्हिक्टरी' जहाजावर ब्रिटिश सेनापती नेल्सनच्या 'इंग्लंडची अपेक्षा: प्रत्येकानं करावं आपलं कर्तव्य' या प्रसिद्ध संदेशाचा शेवटचा शब्द, 'कर्तव्य', निशाणांनी लिहिला जातोय. ही वेळ दुपारी बाराच्या थोडी आधीची. त्याच जहाजाच्या डोलकाठीचा वरचा भाग मोडून खाली येतोय, म्हणजे एक वाजला. मागे फ्रेंचांचं 'आशील' पेटलंय, ती संध्याकाळ. आणि अगदी पुढ्यात बुडणारं 'रेदूताब्ल' तर त्या दिवशी बुडालंच नव्हतं. ते बुडालं दुसऱ्या दिवशी, २२ ऑक्टोबर १८०५ ला. भरीला 'व्हिक्टरी' पाण्यावर गरजेपेक्षा उंच तरंगतंय, ही आरमारातल्या लोकांची तक्रार होतीच. चौथ्या जॉर्जनं सेंट जेम्स राजवाड्यासाठी हे चित्र काढून घेतलं, दर्यावर्दींच्या सूचना ऐकत टर्नरनं जागेवर उभं राहून दुरुस्त्या केल्या, आणि तरीही १८२९ मध्ये राजानं ते ग्रिनिचच्या नाविक रुग्णालयाला देऊन टाकलं.

२०२५ मध्ये टर्नरच्या जन्माला अडीचशे वर्षं झाली, तेव्हा ही जुनी तक्रार पुन्हा कानावर आली आणि तिचं तितकंच जुनं उत्तरही. एका बाजूला दोरखंड मोजणारे: तोफखिडक्या किती, निशाण कुठल्या काठीवर, वारा कुठून. दुसऱ्या बाजूला कलावंताला सगळं माफ करणारे: चित्र म्हणजे काय पंचनामा आहे? मला या दोन्ही पक्षांचा सारखाच कंटाळा आलाय. पहिला पक्ष धरून चालतो की लढाईचं एक खरं दृश्य कुठेतरी होतं आणि चित्रकारानं ते नीट उतरवलं नाही. दुसरा म्हणतो, असेल दृश्य, पण चित्रकार त्याला बांधील नाही. असं दृश्य मुळात होतं का, हे मात्र कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं असं की समुद्रावरची लढाई कुणीच पाहिलेली नसते. लढणाऱ्यानं तर नाहीच. त्यामुळे तिचं प्रत्येक चित्र ही मांडणी असते, साक्ष नव्हे. मग चित्रकारानं कुठे फेरफार केला एवढं सांगून भागत नाही. त्या फेरफारानं काय उघडं पडलं आणि काय झाकलं गेलं, ते तपासायला हवं. आणि या कसोटीवर पुष्कळदा टर्नर पास होतो, दोर न् दोर बरोबर काढणारा नापास होतो.

दोरखंड मोजणाऱ्यांची बाजू मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जमिनीवरची लढाई संपली तरी टेकडी तिथेच राहते, ओढा तिथेच राहतो, दोनशे वर्षांनी जाऊन बघता येतं. समुद्र दुसऱ्या दिवशी कोरा. तिथे जहाजांच्या एकमेकांतल्या जागा हीच सगळी घटना असते. शिडांच्या काळात ज्याच्या बाजूनं वारा, त्याच्या हातात लढाई सुरू करायची की टाळायची हा निर्णय. चित्रकारानं वारा चुकवला तर तपशील चुकला असं नाही, कारणच चुकलं. ट्रफाल्गरचंच घ्या. त्या सकाळी वारा इतका पडलेला होता की शत्रूचं आरमार दिसल्यापासून पहिला गोळा सुटेपर्यंत जवळपास सहा तास गेले. ब्रिटिशांची २७ मोठी लढाऊ जहाजं माणसाच्या चालीनं ३३ जहाजांच्या रांगेकडे सरकत होती, आणि शेवटच्या टप्प्यात पुढच्या जहाजांवर गोळे पडत असताना त्यांना उलट मारा करता येत नव्हता, कारण त्यांची नाळ, म्हणजे पुढचं टोक, शत्रूकडे होती आणि तोफा बाजूंना. आता या लढाईत कुणी फुगलेली शिडं आणि घोड्यासारखी उधळलेली जहाजं काढली, तर त्यानं नेमकी त्या संथपणाची भीती पुसून टाकली. अशा चुकीला मी माफ करणार नाही. दोर मोजणारे इथे बरोबर आहेत.

दुसरीही गोष्ट त्यांच्या बाजूची आहे. थोरला विलेम व्हान दे वेल्दे या डच चित्रकाराची रेखाटनं आजही सतराव्या शतकातली जहाजं अभ्यासणाऱ्यांना उपयोगी पडतात. हा माणूस डच आरमाराबरोबर एका लहान गलबतातून खरोखर लढाईत जायचा. १६५३ ची शेव्हेनिंगेनची लढाई, १६६६ ची चार दिवसांची लढाई, दोन्हींच्या वेळी तो कागद घेऊन पाण्यावर होता. काही चित्रांत त्यानं आपलं ते गलबतही काढलंय आणि त्यात चित्र काढत बसलेला स्वतःलाही. मुलगा, धाकटा विलेम, बापाच्या रेखाटनांवरून रंगीत चित्रं करायचा. याला साक्ष म्हणायचं नाही तर कशाला?

पण याच घराण्याची गोष्ट पुढे नेली की साक्षीचा प्रश्न अवघड होतो. १६७२ च्या हिवाळ्यात, हॉलंडवर संकट कोसळलेलं असताना, बाप-लेक इंग्लंडला गेले. म्हणजे ज्यांच्याशी डच लढत होते त्यांच्याकडेच. १६७४ मध्ये दुसऱ्या चार्ल्सनं दोघांना वर्षाला शंभर-शंभर पौंड बांधून दिले: बापाला समुद्री लढायांची रेखाटनं करण्यासाठी, मुलाला ती रंगवण्यासाठी. तीच माणसं, तोच हात, जहाजांची तीच जाण, फक्त पगाराची पेटी बदलली. त्यांनी खोटं काढलं असं मी म्हणत नाही, जहाजं तशीच चोख राहिली. पण कुठलं जहाज मधोमध, कुणाचं निशाण उजेडात, कुणाची पिछाडी आपल्याकडे, हे सगळं अचूकतेला धक्का न लावता बदलता येतं. खाल्ल्या मिठाला जागायला खोटं बोलावं लागतंच असं नाही. कुठे उभं राहायचं एवढं ठरवलं की झालं.

आणि उभं राहायची जागा म्हणजे तरी काय? निकोलस पोकॉक हा आधी व्यापारी जहाजाचा कप्तान, मग चित्रकार. १ जून १७९४ च्या ब्रिटिश-फ्रेंच लढाईत तो 'पेगॅसस' या फ्रिगेटवर, म्हणजे हलक्या, वेगवान लढाऊ जहाजावर, हजर होता आणि त्यानं जागच्या जागी टिपणं घेतली. पण अशी फ्रिगेट लढाईच्या रांगेत नसत. त्या रांगेपासून दूर असत, कारण रांगेतल्या जहाजांना आपल्याच सेनापतीचे संदेश धुरातून दिसत नसत. ते बाहेरच्यांनी पुन्हा निशाणं चढवून सांगावे लागत. ही व्यवस्थाच कबूल करते की लढणाऱ्याला काही दिसत नाही. दिसणारी जागा म्हणजे न लढणारी जागा. म्हणजे उत्तमातला उत्तम साक्षीदारसुद्धा बाहेरून धुराचे लोट बघत होता आणि आत काय चाललंय ते नंतर विचारून घेत होता.

या धुराबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण माझा सगळा दावा त्यावर उभा आहे. बंदुकीच्या काळ्या दारूचा धूर म्हणजे गढूळ, पांढरट, जड भिंत. ट्रफाल्गरला 'व्हिक्टरी'वर १०४ तोफा होत्या. अशी डझनावारी जहाजं एकमेकांना चिकटून तासन् तास मारा करताहेत आणि धूर न्यायला वारा नाही. खालच्या मजल्यावरच्या गोलंदाजाला समोर काय दिसत असेल? तोफखिडकीएवढा चौकोन, तोही भरलेला. त्याची लढाई म्हणजे आवाज, हादरे, ओली लाकडं आणि शेजारचा माणूस. आता गेल्या तीन-चार शतकांतली 'अचूक' म्हणून वाखाणलेली चित्रं आठवा. स्वच्छ निळं आभाळ, दोन जहाजांच्या मध्ये शोभेपुरते दोन-चार कापसाचे पुंजके, आणि त्यावर प्रत्येक दोर मोजता येईल असा. हे चित्र तपशिलात शंभर टक्के बरोबर आणि लढाई म्हणून साफ खोटं आहे. धूर पुसला की गोंधळ पुसला जातो. गोंधळ पुसला की सगळं कुणाच्या तरी योजनेप्रमाणे घडल्यासारखं दिसू लागतं. सेनापतींना अशी चित्रं का आवडत असतील, हे वेगळं सांगायला नको.

दृश्य विकत घेता येईल असं समजणारा एक सेनापती होऊन गेला, त्याची गोष्ट मला फार आवडते. १७७० मध्ये चेश्मेच्या लढाईत रशियनांनी तुर्कांचं आरमार जाळलं. कॅथरीन राणीनं त्यावर चित्रमालिका काढायचं काम याकोप फिलिप हाकर्ट या जर्मन चित्रकाराला दिलं. सेनापती अलेक्सेई ओर्लोव्हला स्फोटाचं चित्र पटेना. हाकर्टचं म्हणणं, मी जहाज उडताना पाहिलेलंच नाही. तर ओर्लोव्हनं इटलीतल्या लिव्होर्नोच्या बंदराबाहेर एक जुनं फ्रिगेट खरोखर उडवून दाखवलं. चित्रकाराच्या नमुन्यासाठी आख्खं जहाज! पण विचार करा, हाकर्टनं काय पाहिलं? एक रिकामं जहाज, ठरलेल्या वेळी, सुरक्षित अंतरावरून. चेश्मेला त्या जहाजांवर माणसं होती. स्फोटाचा आकार आणि रंग त्याला मिळाला, लढाई नाही मिळाली. अचूकतेच्या हट्टाची याहून चोख थट्टा मला माहीत नाही.

मग वेळा एकत्र करण्याचं काय? टर्नरवरचा खरा आरोप तोच. पण ही खोड टर्नरची नाही, या कलेच्या जन्मापासूनची आहे. इजिप्तमधल्या मेदिनेत हाबूच्या भिंतीवर तिसऱ्या रामसेस राजानं समुद्री टोळ्यांशी केलेली लढाई कोरली आहे. इसवी सनापूर्वी बाराव्या शतकातलं हे शिल्प समुद्री लढाईच्या सर्वात जुन्या चित्रणांपैकी. त्यात चार इजिप्शियन आणि पाच शत्रूंची अशी नऊ जहाजं, आणि त्या नऊ जहाजांत लढाईचे वेगवेगळे टप्पे एकाच भिंतीवर: कुठे झुंज, कुठे उलटलेलं जहाज, कुठे बांधलेले कैदी. मुंबईतल्या बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवरही असंच. खालच्या पट्टीत वल्ह्यांची जहाजं भिडताहेत, आणि नजर वर चढेल तसा मेलेला वीर स्वर्गाला जातो. व्हेनिसच्या व्हेरोनेझेनं १५७१ च्या लेपांतोच्या लढाईवर (ख्रिस्ती आरमारानं तुर्कांना हरवलं ती) काढलेल्या चित्रात खालचा अर्धा भाग डोलकाठ्यांचं रान आहे आणि वरच्या अर्ध्यात ढगांवर मेरी आणि संत, एक देवदूत तर वरून जळते बाण टाकतोय. या तिघांना एकमेकांची खबर असायचं कारण नाही. तरी तिघांनीही एक क्षण पकडण्याचा नाद सोडला. एका क्षणात समुद्री लढाईचा अर्थ मावत नाही, हे त्यांना बहुधा हाताला जाणवलं असावं. एक क्षण म्हणजे एक चित्र, ही सवय आपल्याला कॅमेऱ्यानं लावली आणि ती आपण टर्नरच्या, रामसेसच्या काळावर मागे नेऊन लादतोय.

अर्थात वेळा एकत्र केल्या म्हणून सगळे सारखे होत नाहीत. रामसेस शिल्पात बाकीच्यांच्या कितीतरी पट मोठा उभा आहे. लेपांतोला वरून मेरी सांभाळून घेतेय. दोन्हीकडे काळ मोडून जे जोडलंय ते विजय आणि त्याचं श्रेय. टर्नरनं काय जोडलं ते बघा. वर डोलकाठीवर 'कर्तव्य' हा शब्द निशाणांनी पुरा होतोय. खाली, प्रेक्षकाच्या पायाशी, 'रेदूताब्ल' बुडतंय आणि पाण्यात माणसं एकमेकांना धरून धडपडताहेत. 'रेदूताब्ल'वरच्या ६४३ जणांपैकी पाचशेहून जास्त मेले किंवा जखमी झाले होते आणि जहाज बुडालं तेव्हा जखमींपैकी बरेच अजून त्यावरच होते. संदेश आणि हे बुडणं यांच्यात एका दिवसाहून जास्त अंतर. टर्नरनं ते अंतर काढून टाकलं आणि हुकूम व त्याची किंमत एका चौकटीत ठेवली. नेल्सन कुठे आहे ते शोधावं लागतं, बुडणारे शोधावे लागत नाहीत. राजाला हे चित्र विजयाच्या दालनासाठी हवं होतं. मला तर शंका येते की निशाणांच्या वेळेवरून इतका गहजब झाला, त्यामागे पाण्यातल्या या माणसांबद्दलची न बोललेली अडचण असावी.

याच लढाईतून नेल्सनच्या मृत्यूची दोन चित्रं निघाली, तीही शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. बेंजामिन वेस्टनं नेल्सनला वर डेकवर, उजेडात, भोवती रडणाऱ्यांच्या मोठ्या घोळक्यात मरताना दाखवलं. प्रत्यक्षात तो खाली, अंधाऱ्या तळमजल्यावर साडेचारच्या सुमारास मेला. वेस्टला ते ठाऊक होतं. वीरानं अशा काळोख्या खोलीत मरणं त्याला शोभेसं वाटत नव्हतं. हा फेरफार सरळसरळ झाकणारा. आर्थर डेव्हिसनं उलट केलं. परत आलेल्या 'व्हिक्टरी'वर तो गेला, जागा पाहिली, हजर असलेल्यांचे चेहरे टिपले आणि खालचा तो तळमजलाच रंगवला. दोर मोजणाऱ्यांचा लाडका. पण त्यानंही छत खऱ्यापेक्षा उंच केलं. खरं छत इतकं खाली की माणसांना धड उभं राहता येणार नाही, आणि वाकलेली माणसं शोकाची शोभत नाहीत. म्हणजे जिथे अचूकता गैरसोयीची झाली तिथे तीही वाकली. वेस्टच्या चित्राला काल्पनिक म्हणून बाजूला ठेवता येतं. डेव्हिसचं छत मात्र दोनशे वर्षं 'असंच होतं' म्हणून खपत आलंय.

कलावंताला सगळं माफ करणाऱ्यांशीही माझं भांडण आहे, ते इथेच मांडतो. तुमच्या माफीचा सगळ्यात जास्त फायदा सरकारांनी घेतलाय. १८९४ च्या पीतसागरातल्या लढाईवर टोकियोत बसून जपानी ठसेचित्रं भराभर निघाली. कोबायाशी कियोचिकाच्या एका चित्रात तर बुडणारं चिनी जहाज पाण्याखालीही दिसतं, कापून दाखवल्यासारखं. रचना म्हणून ते थक्क करणारं आहे. पण त्या विलक्षण कल्पनेनं शत्रूचं बुडणं देखणं केलं, एवढंच तिचं काम. इथे 'कला आहे, सोडा' म्हणणं मला जमत नाही. फेरफाराला मोकळीक असावी, पण त्यानं काय केलं हे विचारण्यातून त्याला सूट नको.

दुसऱ्या टोकाला फ्रेंच चित्रकार एदुआर माने आहे. १९ जून १८६४ ला फ्रान्समधल्या शेरबुर्गच्या किनाऱ्यापुढे अमेरिकेच्या यादवीतली 'कीअरसार्ज' आणि 'अलाबामा' ही जहाजं लढली. लोकांनी कड्यांवरून ती लढाई पाहिली, मानेनं नाही. त्यानं वर्तमानपत्रांवरून चित्र केलं आणि महिन्याभरात पॅरिसमधल्या दुकानाच्या खिडकीत लावलं. त्यात बहुतेक जागा पाण्यानं व्यापलीये. लढाई वर, लांब, बुडणारं जहाज धुराच्या डागात, आणि पुढ्यात वाचवायला निघालेली एक लहान होडी. आपण नव्हतो तिथे, हे चित्रच सांगतं. कल्पनेनं काढलेलं असून मला ते पुष्कळ साक्षीदारांपेक्षा प्रामाणिक वाटतं.

कुणी म्हणेल, ही सगळी शिडांच्या काळातली अडचण, पुढे दुर्बिणी आल्या, कॅमेरे आले. घडलं उलटंच. ३१ मे १९१६ ला जटलंडच्या समुद्रात ब्रिटिश आणि जर्मन अशा दोन्ही बाजूंची मिळून सुमारे २५० जहाजं होती, आणि धुकं, धूर व मैलोगणती अंतर यांत खुद्द ब्रिटिश सेनापती जेलिकोला शत्रू नेमका कुठे आहे ते शेवटपर्यंत धड कळेना. सेनापतीला जे दिसलं नाही ते चित्रकाराला कुठून दिसणार? मे १९४२ च्या कोरल समुद्राच्या लढाईत तर दोन्ही आरमारांच्या जहाजांनी एकमेकांना पाहिलंच नाही. सगळं विमानांनी केलं. या लढाईचं दोन्ही आरमारं समोरासमोर दाखवणारं चित्र कुणी काढलं, तर त्यातला प्रत्येक बोल्ट बरोबर असूनही ते थाप असेल. आणि याच काळातला एक उलटा खेळ: नॉर्मन विल्किन्सन हा समुद्रचित्रकार, जहाज ओळखू येईल असं काढण्यात आयुष्य गेलेला. १९१७ मध्ये त्यानंच जहाजांवर तिरपे, तुटक पट्टे मारायची युक्ती काढली, म्हणजे पाणबुडीतून बघणाऱ्याला जहाजाची दिशाच कळू नये. चित्रकलेचा युद्धाला झालेला हा बहुधा सर्वात सरळ उपयोग, आणि तो दिसू न देण्यासाठी होता.

एक आक्षेप उरतो, आणि त्याच्यापुढे मला खाली बसावंसं वाटतं. ग्रिनिचच्या रुग्णालयात म्हातारे खलाशी राहत. टर्नरचं चित्र तिथे गेल्यावर त्यांतल्या काहींना ते अजिबात रुचलं नाही, असे किस्से छापले गेले. जे खरंच लढले, त्यांना पटलं नाही तर बाकीच्यांनी कुठल्या तोंडानं बोलावं? ज्याचं जळतं त्याला कळतं, हे मलाही मान्य आहे. पण त्यांना चित्रात काय हवं होतं? मला वाटतं, जहाज हवं होतं. ज्याच्या दोरांवर हाताची कातडी गेली, ज्याच्या पोटात वर्षं काढली, ते जहाज जसंच्या तसं, बाहेरून, उन्हात. घराचा फोटो मागावा तसं. हा हक्क त्यांचा आहेच आणि टर्नरनं तो पुरा केला नाही. मात्र ते घर त्यांनी लढाईत बाहेरून पाहिलं नव्हतं. ते आत होते, धुरात. आणि टर्नरनं पुढ्यात जे पाणी काढलं, तिथून ग्रिनिचला येऊन 'असं नव्हतं' किंवा 'असंच होतं' म्हणणारा कुणी उरला नव्हता.